रोज्याची कजा असते, जिवाची नसते

रमजानमध्ये मशिदीतल्या मौलानांना विचारले जाणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. टूथपेस्टने दात घासले तर चालतात का? इंजेक्शन घेतले तर रोजा तुटतो का? वजू करताना चुकून पाण्याचा घोट घशाखाली गेला तर काय करायचे? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. आपली इबादत नीट व्हावी ही त्यामागची काळजी खरी असते. पण फिकहच्या जुन्या ग्रंथांत, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या किताबांत, याहून फार मोठा एक प्रश्न चर्चिला गेला आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. रोजेदार पाण्याच्या काठाने चालला आहे. समोर कुणीतरी बुडते आहे. त्याला वाचवायचे तर रोजा मोडावा लागेल अशी स्थिती आहे. त्याने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर देताना उलेमांनी आढेवेढे घेतलेले नाहीत. तेराव्या शतकात दमास्कस आणि कैरो येथे होऊन गेलेले शाफई पंथाचे मोठे विद्वान इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी हाच प्रसंग घेऊन लिहिले आहे. रोजा मोडल्याशिवाय बुडणाऱ्याला वाचवता येत नसेल, तर रोजा मोडावा आणि त्याला वाचवावे, असे त्यांचे मत. नमाजची वेळ टळत असली तरी आधी माणूस बाहेर काढावा, नमाज नंतर अदा करावी, असेही ते सांगतात. हनफी फिकहमध्येही हाच निर्णय आहे. नमाज सुरू असताना कुणी बुडत असेल, जळत असेल आणि नमाजीला त्याला वाचवणे शक्य असेल, तर नमाज तिथेच तोडणे त्याच्यावर वाजिब ठरते. महाराष्ट्रात देशावरचे मुसलमान बहुतांशी हनफी आणि कोकणातले प्रामुख्याने शाफई. नमाजमध्ये हात कुठे बांधावेत यावर दोघांत फरक आहे, पण बुडणाऱ्याला हात द्यावा की नाही यावर फरक नाही.

यामागचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. इस्लाममध्ये हक्कांचे दोन भाग सांगितले जातात, अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क. रोजा हा अल्लाहचा हक्क आहे. अल्लाहला कशाची गरज नाही, तो क्षमाशील आहे आणि त्याने स्वतःच सवलतीचे दार उघडे ठेवले आहे. आजारी, प्रवासी, गर्भवती, लहान बाळाला पाजणारी आई, या सर्वांना रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. मोडलेल्या रोज्याची कजा करता येते, म्हणजे रमजान संपल्यावर त्याच्या बदल्यात रोजा धरता येतो. समोर गटांगळ्या खाणाऱ्या माणसाच्या जिवाची कजा मात्र कुठल्याच महिन्यात करता येत नाही.

पवित्र कुरआनच्या सूरह माइदातील बत्तिसावी आयत अनेकांना ठाऊक आहे. आदमच्या दोन मुलांची, हाबील आणि काबीलची, म्हणजे जगातल्या पहिल्या खुनाची हकीकत सांगून झाल्यावर ही आयत येते. एका निरपराध जिवाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या आणि एक जीव वाचवणे हे साऱ्या मानवजातीला वाचवणे, असा तिचा आशय आहे. दहशतवादाचा निषेध करताना व्यासपीठांवरून तिचा पहिला भाग नेहमी सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. दुसऱ्या भागाकडे मात्र तितके लक्ष जात नाही. कुणाला न मारणे ही पहिली पायरी झाली. ती चढून गेलेल्या माणसाकडून आयत पुढची अपेक्षा करते, वाचवण्याची. आणि तिथे शब्द आहे ‘नफ्स’, म्हणजे जीव. मोमिनचा जीव, शेजाऱ्याचा जीव, नात्यातला जीव असे काही तिथे म्हटलेले नाही.

ही अपेक्षा प्रत्यक्षात कशी दिसते हे पाहायला फार मागे जावे लागत नाही. ५ ऑक्टोबर २०२२, दसऱ्याची रात्र. पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातील मालबाजार येथे माल नदीत दुर्गामूर्तींचे विसर्जन सुरू होते. डोंगराकडून अचानक पाण्याचा लोंढा आला आणि पात्रात उतरलेली माणसे वाहून जाऊ लागली. आठ जणांचा मृत्यू झाला. काठावर विसर्जन पाहायला आलेल्यांत जवळच्या गावचा एक मुसलमान तरुण होता. तो पाण्यात शिरला आणि त्याने दहाएक जणांना बाहेर काढले. वाहून जाणाऱ्यांपैकी तो कुणाला ओळखत नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या महापुरात किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत घेऊन गेले आणि हजारो लोकांना त्यांनी सोडवले. त्यात हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमान होते. मलप्पुरम जिल्ह्यात एक मच्छीमार पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून स्त्रिया होडीत चढल्या. ते दृश्य देशभर पाहिले गेले.

अशा बातम्यांनंतर एक गोष्ट हमखास होते. वाचवणाऱ्याचे नाव मुसलमान असेल तर समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो फिरतो आणि खाली लिहिलेले असते, ‘बघा, आमच्या माणसाने तुमच्या माणसांना वाचवले.’ ज्या समाजाकडे सतत संशयाने पाहिले जाते, त्याला अशा फोटोचा आधार वाटावा हे समजण्यासारखे आहे. पण हा हिशेब बरोबर नाही. पाण्यात शिरणाऱ्याने समोरच्याचे नाव विचारलेले नसते. त्याने न केलेली जातधर्माची मोजणी नंतर काठावरच्या लोकांनी का करावी? शिवाय अशी मोजणी सुरू झाली की ती दोन्ही बाजूंनी होते. मुसलमान कुटुंब बुडत असताना उडी घेणारा हिंदू कोळी, आदिवासी, धनगर यांची नावेही मग तितक्याच अभिमानाने त्याच ग्रुपवर फिरायला हवीत. ती फिरत नसतील तर आधीचा अभिमान नेकीचा नव्हता, गटाचा होता. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये इतकी दानाची गुप्तता शिकवणाऱ्या धर्मात, दुसऱ्याने केलेल्या नेकीचे भांडवल करण्याला जागा नाही.

तामिळनाडूतली एक घटना तर प्रत्येक जुम्याच्या बयानात सांगावी अशी आहे. ६ ऑगस्ट २०२० रोजी पेरंबलूर जिल्ह्यातील कोट्टराई धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडू लागले. काठावर कपडे धुण्यासाठी आलेल्या तीन स्त्रिया होत्या. त्यांनी आपल्या अंगावरच्या साड्या सोडल्या, पाण्यात फेकल्या आणि त्यांच्या आधाराने दोघांना ओढून बाहेर काढले. बाकीच्या दोघांना वाचवता आले नाही. तामिळनाडू सरकारने या तिघींना कल्पना चावला पुरस्कार दिला. भारतीय घरातल्या बाईसाठी, मग ती कुठल्याही धर्माची असो, परक्या पुरुषांसमोर साडी सोडणे म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पण त्या क्षणी त्यांच्यासमोर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न उभा राहिला नाही. शरियतमध्ये एक कायदा आहे, अगतिकता आली की मना असलेल्या गोष्टी मुबाह होतात. तो उलेमांना किताबांतून शिकावा लागतो. त्या तिघींना तो आतूनच कळला होता. पडदा जिवासाठी असतो, जीव पडद्यासाठी नसतो.

इथपर्यंत सारे शौर्याचे झाले. पण या विषयाची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेखणीवर गुन्हा राहील. ज्या कुरआनने जीव वाचवण्याला इतके मोठे स्थान दिले, त्याच कुरआनच्या सूरह बकरात स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये अशीही ताकीद आहे. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला माणूसच बुडाला, अशी बातमी महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात छापून येते. शेततळ्यांच्या बातम्या तर फार वेदना देतात. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, उतार तीव्र असतो, शेवाळ धरलेले असते. आत पडलेल्याला पाय रोवता येत नाही, हाताला काही धरायला सापडत नाही. मूल पडते, त्याला काढायला आई उतरते, तिच्या मागे बाप उतरतो आणि संध्याकाळी एकाच घरातून तीन जनाजे किंवा तीन तिरड्या निघतात. त्या आईबापांना दोष देणारा माणूस दगडाचाच असला पाहिजे. पण त्या तळ्याच्या कडेला गाठी मारलेला एक दोर खुंटीला बांधून आत सोडलेला असता, तर एकही जनाजा निघाला नसता.

बुडणाऱ्याबद्दल काही गोष्टी प्रत्येकाला माहीत हव्यात. सिनेमात दाखवतात तसा बुडणारा माणूस हात उंचावून ‘वाचवा वाचवा’ असे ओरडत नाही. बहुतेक वेळा तो गप्प बुडतो. तोंड पाण्यावर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो, ओरडायला सवड नसते. काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात, तो खाली जातो. प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणजे फायर ब्रिगेड येईपर्यंत वेळ उरलेला नसतो. जे काही करायचे ते काठावरच्या माणसालाच करायचे असते. आणि तिथेच धोका आहे. बुडणारा हाती येईल त्याला मिठी मारतो, त्याच्या खांद्यावर चढू पाहतो. ती कृतघ्नता नसते, शरीराची धडपड असते. चांगला पोहणारासुद्धा त्या मिठीत खाली जातो.

म्हणून जीवरक्षक जगभर एक क्रम शिकवतात. आधी काठावरून काही पुढे करा, काठी, बांबू, ओढणी, लुंगी, फेटा. तेही उभ्याने नव्हे, पोटावर झोपून, म्हणजे आपण आत ओढले जाणार नाही. हात पोहोचत नसेल तर काही फेका, दोर, गाडीची ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा तेलाचा कॅन. ते जमत नसेल तर होडी न्या. उडी सर्वांत शेवटी, आणि तीही ज्याला येते त्यानेच, सोबत तरंगणारी वस्तू घेऊन. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. ही माहिती तासाभरात शिकता येते. वजूची पद्धत शिकायला याहून अधिक वेळ लागतो.

कौशल्य असले की शौर्य कसे फळते याचे उदाहरण मुंबईने १८ डिसेंबर २०२४ रोजी पाहिले. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. शंभराहून अधिक माणसे समुद्रात पडली. पंधरा जणांचा जीव गेला. पण मृतांचा आकडा तिथेच थांबला, कारण आसपासच्या बोटी तातडीने धावल्या. बंदराच्या एका पायलट बोटीचा चालक सर्वांआधी पोहोचलेल्यांत होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी वीसहून अधिक लोकांना वर घेतले, निपचित पडलेल्या एका लहान मुलीची छाती दाबून तिचा श्वास परत आणला, असे त्या वेळच्या बातम्यांत होते. समुद्रावर आयुष्य गेलेला तो माणूस. काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे हे त्याच्या हातांना ठाऊक होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, असे एका माणसाला सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. पाण्याच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे पोहणे शिकणे आणि दोर जवळ ठेवणे.

पाण्यात न उतरताही माणसे वाचवता येतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. अंधार होता, पाऊस कोसळत होता आणि मागून येणाऱ्या वाहनांना पुढे पूल नाही हे कळायला मार्ग नव्हता. जवळच्या गॅरेजवर राहणाऱ्या माणसाच्या ते लक्षात आले. तो रस्त्यावर धावला, वाहने अडवली, पोलिसांना कळवले. त्या रात्री किती गाड्या त्याच्यामुळे वाचल्या हे मोजता येणार नाही. नदीत उडी न घेता केलेले ते जीवदानच होते.

याउलट ३० जून २०२४ चा रविवार आठवावा. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातले एक मुस्लिम कुटुंब अडकले. पाणी वाढत गेले. ओढ्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते लोक साऱ्या देशाने मोबाईलवर पाहिले. काठावरच्यांना त्यांच्यापर्यंत पोहोचता आले नाही. पाच जण गेले, त्यात एक बाई आणि बाकीची मुले. त्यानंतर दोन प्रकारची बोलणी ऐकू आली. ‘लोक नुसते व्हिडिओ काढत उभे होते’ हे एक, आणि ‘मरायला कशाला जायचे तिथे’ हे दुसरे. दोन्ही बोलणी सोपी आहेत. त्या पाण्यात रिकाम्या हातांनी उतरलेला माणूस सहावा बळी ठरला असता. तिथे कमी पडली ती माणुसकी नव्हे, साधने कमी पडली. आणि ‘मरायला कशाला गेले’ हे वाक्य तर मुसलमानाच्या तोंडी शोभतच नाही. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला पाणी पाजले म्हणून एका पतित स्त्रीला माफी मिळाल्याची हदीस ज्या समाजात मुलांना सांगितली जाते, त्या समाजाने बुडालेल्यांच्या चुका मोजत बसू नये. बुडून मरण पावलेल्यांना प्रेषितांनी शहीदांमध्ये गणले आहे, हे त्यांच्या घरच्यांना सांगावे. तेवढा दिलासा त्यांचा हक्क आहे.

फिकहमध्ये ‘फर्ज-ए-किफाया’ नावाची कल्पना आहे. जनाजाची नमाज हे तिचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. काही जणांनी अदा केली की सर्वांची जबाबदारी सुटते. कुणीच केली नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. बुडणाऱ्याला वाचवणेही याच प्रकारात मोडते. याचा अर्थ नीट पाहिला तर असा होतो की, वस्तीतल्या प्रत्येकाने उडी घेणे अपेक्षित नाही, पण उडी घेऊ शकणारी, दोर फेकू शकणारी, श्वास देऊ शकणारी काही माणसे प्रत्येक वस्तीत असलीच पाहिजेत. ती नसतील तर गुन्हा एकट्या काठावरच्या माणसाचा नाही, ती तयार न करणाऱ्या वस्तीचा आहे. जनाजाची नमाज पढवणारा प्रत्येक मोहल्ल्यात आहे. जनाजा टाळू शकणारा किती मोहल्ल्यांत आहे?

कुरआनच्या शेवटच्या भागात सूरह माऊन नावाची छोटी सूरह आहे. नमाजमध्ये ती वारंवार पढली जाते. दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांना आणि रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूही इतरांना न देणाऱ्यांना तिच्यात इशारा आहे. ‘माऊन’ या शब्दाचा अर्थ सांगताना जुन्या भाष्यकारांनी उदाहरणे दिली आहेत, बादली, भांडे, कुऱ्हाड. म्हणजे शेजाऱ्याने मागितली तर नाही म्हणू नये अशा वस्तू. आजच्या महाराष्ट्रात या यादीत नदीच्या घाटावरचा दोर आणि ट्यूब घालायला हरकत नसावी. दोरावर किती खर्च येतो? एका मोठ्या इफ्तार पार्टीत फळांवर जेवढा होतो त्याच्या कितीतरी कमी.

इथे कुणी विचारेल की यासाठी जकात वापरावी का? जकातीचे हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत, ती गरजवंतांच्या हातातच जायला हवी. दोर, ट्यूब, फलक यांसाठी सदका आहे, सदका-ए-जारिया आहे, ज्याचा सवाब देणाऱ्याच्या मागेही चालू राहतो. जकातीचा संबंध वेगळ्या ठिकाणी येतो. दुसऱ्याला वाचवताना मेलेला माणूस बहुधा कष्टकरी असतो, घरातला एकटा कमावता असतो. चार दिवस त्याचे फोटो छापून येतात, सत्कार होतात, शाल-श्रीफळ होते. पाचव्या दिवसापासून त्याच्या बायकोला भाडे भरायचे असते. असे घर गरजू असेल तर समाजाने ते शोधून काढले पाहिजे. केंद्र सरकारची जीवन रक्षा पदके आहेत. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक अशा तीन श्रेणींत ती दिली जातात, मरणोत्तरही दिली जातात. त्यासाठी राज्य सरकारमार्फत नावे जावी लागतात. कागदपत्रे जमवून ते नाव पुढे जाईल हे पाहणे, एवढे काम तरी मशिदीच्या किंवा मोहल्ला कमिटीने करायला हवे, मग वाचवणारा कुठल्याही धर्माचा असो.

सरकारकडेही एक मागणी केली पाहिजे. रस्ते अपघातात जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीचा आणि कोर्टकचेरीचा त्रास होऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. पण ते कलम मोटार अपघातापुरते आहे. नदीतून, विहिरीतून, समुद्रातून माणूस बाहेर काढणाऱ्याला तसे स्पष्ट संरक्षण हवे. जबाब, पंचनामा आणि तारखा यांची धास्ती घेऊन कुणी काठावरून मागे फिरत असेल, तर ती त्याची एकट्याची चूक नाही. देशात वर्षाला ३५ हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. हा आकडा रस्ते अपघातांपेक्षा कमी असला तरी दुर्लक्ष करण्याइतका कमी खचितच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी पाळायचे ठरवले. त्याची दखल आपल्याकडच्या शाळांत फारशी घेतली जात नाही.

आणि एक मागणी समाजाकडे. मुलांना पोहणे, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, असे वचन हजरत उमर यांच्या नावाने सांगितले जाते. तिरंदाजी आणि घोडेस्वारीची वेळ गेली. पोहण्याची गेलेली नाही. ते मुलींनाही शिकवले पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले, त्यांत मुलींची संख्या अधिक होती. ‘मुलीची जात, पाण्यात कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही. अनेक तरणतलावांवर स्त्रियांसाठी वेगळी वेळ असते, स्त्री प्रशिक्षक असतात, अंगभर पोशाख मिळतो. सबब सांगायला जागा उरलेली नाही.

सहीह बुखारीत जहाजाची हदीस आहे. काही लोक वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागते म्हणून ते आपल्याच भागात भोक पाडायला निघतात. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारेच बुडतील, हात धरला तर सारेच वाचतील. हात धरणे म्हणजे बुडताना धरणे एवढेच नव्हे. बुडण्याआधी धरणेही त्यात आले, आणि खरे तर तेच पहिले.

यंदा रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला आहे. ईद होईल आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, नवे कपडे घातलेली पोरे मोटारसायकलींवर तिघे-तिघे बसून धरणांकडे, खाणींकडे, समुद्राकडे निघतील. महिनाभराच्या रोज्यांनंतर त्यांचा आनंद हलाल आहे, त्यांना कुणी घरात कोंडू नये. पण त्याआधी अलविदा जुम्याला सगळा मोहल्ला मशिदीत असतो. बयानात दोन मिनिटे काढून इमामांनी सांगावे की अनोळखी पाण्यात उतरू नका, गाडीच्या डिकीत दोर ठेवा, बुडणाऱ्याला आधी काठी द्या, मग हात. आणि हेही सांगावे की रोजा असताना समोर कुणी बुडत असेल तर मसला विचारायला मौलानांना फोन लावू नका. तो मसला आठशे वर्षांपूर्वीच सुटलेला आहे.